व्यायामाचा उबग

गेल्या वर्षीं आमच्या घरांत जो प्रकार घडला तो चारचौघांत सांगण्यासारखा नाहीं. तरी पण ज्या घरांत व्यायामाची आवड आहे अशा पुष्कळ घरांत तो कमीअधिक प्रमाणांत घडत असावा, असें वाटल्यावरून तो येथें लिहिण्याचें योजिलें आहे.

आमचा पुतण्या एकवीस वर्षांचा. कॉलेजांत असतांनाच तो वजनें उचलण्याच्या व्यायामशाळेंत, हल्लीं जिला सर्रास जिम म्हणतात तेथें, पहाटे जाऊं लागला. आमच्याकडे सूर्यनमस्कारांचा नेम तीन पिढ्यांचा. तेव्हां मुलाची ही आवड पाहून आम्हांस संतोष झाला, आणि त्या संतोषाच्या भरांत आम्हीं एक चूक केली. उचललेल्या वजनांची नोंद करण्यासाठीं त्याला एक वही आणून दिली, ती माजघरांतील कपाटावर सर्वांस दिसेल अशी ठेविली, आणि रात्रीं पानावर बसतांच ‘आज किती?’ असें विचारण्याचा प्रघात पाडला. पहिले सहा महिने उत्तर चढतें येई. पुढें तें अडखळूं लागलें. मुलगा चिडखोर झाला, त्याची झोप उडाली, आजीलाही तो उलट बोलूं लागला. अखेर एका शेजाऱ्यांकडून कळलें कीं, चिरंजीव तीन आठवडे पहाटे पिशवी घेऊन निघतात ते पर्वतीच्या पायऱ्यांवर तासभर बसून घरीं परत येतात. वहींतील आंकडे मात्र चढतच होते.

त्याला एकीकडे बोलावून विचारलें, तेव्हां तो म्हणाला, “काका, मला तिथं पाऊलसुद्धा टाकावंसं वाटत नाही. पण तुम्हांला ते सांगायचं कसं?” खोटेपणाबद्दल रागावण्याच्या तयारीनें बसलेल्या आमची मान या उत्तरानें खालीं गेली.

त्याची पद्धति अशी होती: खांद्यांवर लोखंडी दांडा व त्याला अडकविलेलीं वजनें घेऊन बैठका मारावयाच्या, आठवड्यांतून तीन वेळां, आणि दर खेपेस अडीच किलो वाढवावयाचे. नवशिक्याच्या अंगीं कांहीं महिने ही वाढ लागते, यांत शंका नाहीं. पण साधा गुणाकार करून पाहावा. याच गतीनें वर्षाकांठीं ३९० किलोंची भर पडावयास हवी! प्राचीन क्रोटोन नगरींतील मायलो नांवाच्या मल्लाची गोष्ट व्यायामशाळांतून नेहमीं सांगतात. तो रोज एक वासरूं उचली, व वासराचा बैल झाला तरी तो त्याला उचलूं शके म्हणे. वासरूंही एका वयानंतर वाढावयाचें थांबतें, हें सांगणारे विसरतात.

या शास्त्राच्या आधुनिक प्रवर्तकांपैकीं एकाचा अनुभव अधिक बोधप्रद आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत शिकागो येथील एका लष्करी रुग्णालयांत डॉ. थॉमस डीलॉर्म हे जायबंदी सैनिकांकडून वजनांचा व्यायाम करवीत. १९४५ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतींत दहा दहा आवर्तनांच्या सात ते दहा फेऱ्या होत्या. तीनच वर्षांनीं, १९४८ त, इतक्या फेऱ्या नकोत असें ठरवून त्यांनीं स्वतःच त्या तीनवर आणिल्या.

आपल्या वैद्यकग्रंथांस हें नवीन नव्हतें. बलवान् व स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानेंही थंडींत व वसंतांत अर्ध्या शक्तीनेंच व्यायाम करावा, आणि एरवीं त्याहूनही कमी, असें वाग्भट सांगतो. तोंडानें धापा टाकण्याची वेळ आली कीं अर्धी शक्ति संपली असें समजावें, ही खूण सुश्रुतसंहितेंत दिली आहे. परंतु आम्हांस विशेष वाटला तो अतिव्यायामाच्या दोषांत श्रमाच्या जोडीला येणारा दुसरा शब्द, क्लम. श्रम म्हणजे काम केल्यावर येणारा शीण. क्लम म्हणजे कांहीं न करतां येणारा, धाप नसलेला, आणि इंद्रियांना त्यांच्या विषयांची गोडी वाटूं न देणारा शीण. पर्वतीच्या पायरीवर बसलेल्या मुलाचें याहून नेमकें वर्णन आम्हांस करतां येणार नाहीं.

२०१३ सालीं युरोप व अमेरिका येथील क्रीडावैद्यक संस्थांनीं मिळून या विषयावर एक निवेदन प्रसिद्ध केलें. त्यांत अशा थकव्याच्या तीन पायऱ्या मानिल्या आहेत. पहिलींत थोड्या विश्रांतीनें माणूस पूर्वीपेक्षांही सशक्त होऊन उठतो. दुसरींत आठवडे वा महिने लागतात. तिसरींत कित्येक महिने, क्वचित् त्याहूनही अधिक. पायरी नेमकी कोणती हें सांगणारी एकही खात्रीची रक्तपरीक्षा नाहीं. दुसरा रोग नाहीं हें मात्र आधीं पाहावें लागतें. म्हणून आम्हीं प्रथम डॉक्टर गांठले. रक्तांतील हिमोग्लोबिन, थायरॉइड वगैरे तपासणींत दोष निघाला नाहीं. पण खाण्याची चौकशी होतांच निराळेंच बाहेर आलें. पोट सपाट दिसावें म्हणून त्यानें रात्रीचा भात सोडला होता, आणि चातुर्मासांत आजीबरोबर एकादश्याही चालू होत्या. खर्च वाढवून जमा कमी करावयाची, असा हा व्यवहार!

हा आळस नव्हे कशावरून, असा प्रश्न आमच्या ज्येष्ठ बंधूंनीं केला, व तो गैर नव्हता. आमच्या समजुतीनें आळस उंबरठ्यापाशीं असतो. एकदां अंग गरम झालें कीं तो बहुधा निघून जातो. हा शीण तसा जात नाहीं. नेहमींचें हलकें वजनही जड लागतें, दोन दिवस विसावा घेतला तरी लागतें, आणि घरींदारीं स्वभावच पालटतो.

दोन आठवडे व्यायाम सर्वस्वीं बंद ठेवण्याचें ठरलें. बंधूंच्या मतें एवढ्यांत कमावलेलें सगळें जाणार होतें. तें तसें जात नाहीं. अमेरिकेंतील अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम येथील संशोधकांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, सोळा आठवडे आठवड्यांतून तीन दिवस व्यायाम केलेल्या कांहीं लोकांचा व्यायाम नंतर बत्तीस आठवडे एकतृतीयांशावर, तर कांहींचा एकनवमांशावर आणिला. तेवढ्यावरही शक्ति टिकली. साठीच्या पुढच्यांच्या स्नायूंचें आकारमान मात्र कमी झालें. तेव्हां आमच्या वयाच्या वाचकांनीं यांतून फार मोठी सवलत काढूं नये.

आजीची समजूत घालणें अधिक कठीण गेलें. नेमांत खंड पडणें तिच्या मतें देवपूजा चुकविण्यासारखेंच. तिनें एकादशी सोडण्यास मुलाला परवानगी दिली, पण ती स्वतः डॉक्टरांशीं बोलल्यावर.

दोन आठवड्यांनंतर तो निम्म्या वजनावर पुन्हां सुरू झाला, आठवड्यांतून दोनच दिवस. दर चौथ्या आठवड्यास भार मुद्दाम उतरवावयाचा, हें त्याच्या शिक्षकानें घालून दिलें. झोप परतण्यास सव्वा महिना लागला. मनाची गोडी परतण्यास त्याहून बरेच अधिक. वही आतां त्याच्याच खणांत असते, व पानावर बसल्यावर आम्ही वजनाचा विषय काढीत नाहीं. परवां मात्र त्यानेंच आजीच्या कानांत हळूच कांहीं सांगितलें. “बरं झालं,” असें म्हणून तिनें त्याच्या भातावर आणखी एक पळी तूप घातलें.