बिघाडाचा दिवा लागतो, पण जनित्र थांबत नाही : कारणे आणि तपासणीचा क्रम

बेंगळुरू : मार्च ते मे या काळात आम्रसरी कोसळू लागल्या की झाडांच्या फांद्या वीजवाहिन्यांवर पडतात, पुरवठा खंडित होतो आणि निवासी संकुले, रुग्णालये व कार्यालये यांच्या आवारातील डिझेल जनित्रे सुरू होतात. शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्रातून १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज मिळू लागली आणि १९०५ मध्ये बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. वीज इतक्या लवकर आलेल्या या शहरातही उंच इमारतींतील लिफ्ट आणि पाण्याचे पंप आज अडचणीच्या वेळी जनित्रावरच विसंबतात. जनित्र सुरू झाले नाही, तर तक्रार तत्काळ होते. बिघाड होऊनही ते थांबले नाही, तर धोका अधिक गंभीर असतो. मात्र तो प्रत्यक्ष घडेपर्यंत बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही.

वंगण तेलाचा दाब घसरला, इंजिन प्रमाणाबाहेर तापले किंवा त्याचा वेग मर्यादेपलीकडे गेला, तर जनित्राने स्वतःहून बंद पडावे अशी योजना असते. तेलाचा दाब नसताना इंजिन काही मिनिटे जरी चालले, तरी बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट निकामी होऊ शकतात. काही वेळा नियंत्रकावर बिघाडाचा दिवा लागतो, भोंगाही वाजतो. इंजिन मात्र धडधडत राहते.

वीज तोडली तरी इंजिन चालते

जनित्र म्हणजे प्रत्यक्षात दोन यंत्रे : इंजिन आणि वीज निर्माण करणारा अल्टरनेटर. योगायोगाने या दोन्ही यंत्रांशी निगडित दोन किर्लोस्कर कंपन्या १९४६ या एकाच वर्षी स्थापन झाल्या. इंजिनांची पुण्यात आणि विद्युत यंत्रांची बेंगळुरूत. ब्रेकर पडला की अल्टरनेटरवरील भार सुटतो, परंतु इंजिन थांबत नाही.

पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते. ती बंद केली की इंजिन बंद होते. डिझेल इंजिनात दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटते. त्यामुळे ते थांबवण्याचे मार्ग दोनच : इंधन तोडणे किंवा हवा तोडणे. बहुतेक जनित्रांत इंधन तोडण्याचे काम सोलेनॉइड, म्हणजे विजेवर हलणारी लहान झडप किंवा दांडा, करतो.

या सोलेनॉइडचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात वीज मिळत असेपर्यंतच इंधन वाहते. वीज गेली की इंजिन थांबते. दुसऱ्यात इंजिन थांबवण्यासाठी वीज द्यावी लागते. पहिल्या प्रकारात तार तुटली किंवा बॅटरी सुटली तर इंजिन बंद पडते. दुसऱ्या प्रकारात त्याच कारणाने ते बंद करता येत नाही. म्हणून आपल्या जनित्रात कोणता प्रकार आहे, हे देखभाल करणाऱ्यास आधीच ठाऊक असावे लागते.

प्रथम माणसांची सुरक्षितता

इंजिन थांबत नसेल, तर तपासणीपूर्वी ते सुरक्षितपणे बंद करणे आवश्यक असते. आवरणाबाहेरील लाल आपत्कालीन बटण हा पहिला उपाय. त्याचा उपयोग न झाल्यास प्रशिक्षित तंत्रज्ञ इंजिनावरील हाताने चालवायचा थांबा-दांडा किंवा इंधनाचा व्हॉल्व्ह वापरतो. इंधनाचा व्हॉल्व्ह बंद केल्यावरही नळ्यांतील डिझेल संपेपर्यंत इंजिन काही काळ चालते.

वेग सतत वाढत असेल आणि इंधन तोडूनही कमी होत नसेल, तर कोणीही जवळ जाऊ नये. टर्बोचार्जरचे सील फाटल्यास इंजिन स्वतःचेच वंगण तेल ओढून जाळू लागते. अशा वेळी इंधनाचा सोलेनॉइड निरुपयोगी ठरतो. केवळ हवेचा मार्ग बंद करणारी झडप इंजिनाला थांबवू शकते. हवेच्या तोंडावर हात किंवा कापड धरण्याचा प्रयत्न प्राणघातक ठरू शकतो.

याचे भीषण उदाहरण २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात दिसले. ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या फलाटावर विहिरीतून उसळलेला वायू जनित्रांच्या इंजिनांत ओढला गेला आणि त्यांचा वेग अनियंत्रित झाला. अतिवेग रोखणारी साधने त्यांना थांबवू शकली नाहीत. त्यानंतरच्या स्फोटांत ११ कामगारांचा मृत्यू झाला.

आदेश निघाला का, पोहोचला का, पाळला गेला का?

इंजिन बंद झाल्यावर तपासणीचा क्रम या तीन प्रश्नांवर आधारलेला असतो.

पहिला प्रश्न आदेशाचा. नियंत्रकात प्रत्येक बिघाडासाठी परिणाम ठरवलेला असतो : केवळ इशारा, भार तोडणे किंवा इंजिन बंद करणे. दुरुस्तीच्या वेळी एखादी सेटिंग ‘इशारा’वर ठेवली गेली आणि पूर्ववत झाली नाही, तर दिवा लागूनही इंजिन चालत राहते. नियंत्रकातील घटनांची नोंद हे लगेच दाखवते. साधी ‘बंद’ कळ दाबल्यावर इंजिन थंड होण्यासाठी काही मिनिटे भाराविना चालते, हा मात्र दोष नव्हे.

दिवाच लागला नसेल, तर संशय सेन्सरवर जातो. तापमानाचा साधा स्विच बहुधा बिघाडाच्या वेळी विद्युतमार्ग जोडतो. त्याची तार आधीच तुटलेली असेल, तर नियंत्रकाला सर्व काही ठीक दिसते. कूलंट गळून गेले, तर सेन्सर द्रवाऐवजी हवेत उघडा पडतो आणि इंजिन तापूनही तापमान कमी दाखवू शकतो. म्हणूनच कूलंटच्या पातळीसाठी स्वतंत्र सेन्सर उपयोगी ठरतो.

दुसरा प्रश्न आदेश पोहोचण्याचा. जिथे वीज गेल्यावर इंजिन थांबते, तिथे तंत्रज्ञ बंद करण्याचा आदेश देऊन सोलेनॉइडच्या टोकांवर मल्टिमीटर लावतो. १२ किंवा २४ व्होल्टचा दाब शून्यावर आला आणि तरीही इंजिन चालू राहिले, तर दोष यांत्रिक आहे. दाब कायम राहिला, तर दोष विद्युत आहे. रिलेचे संपर्क ठिणग्यांमुळे एकमेकांना चिकटलेले असू शकतात. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या तारेतून उलट मार्गाने वीज येऊन सोलेनॉइड उघडा राहणे, हेही एक कारण असते. सोलेनॉइड दुसऱ्या प्रकारचा असेल, तर तपासणी उलटी : आदेशानंतर तिथे दाब यायला हवा. तो आला नाही, तर फ्यूज, तार, अर्थिंग आणि बॅटरी पाहावी लागते.

तिसरा प्रश्न आदेश पाळण्याचा. डिझेलमधील कचऱ्याने दांडा अडकणे, परतीची स्प्रिंग तुटणे, झडप पूर्ण न मिटणे किंवा इंधनपंपाला जोडणारा दांडा सैल होणे, ही नेहमीची कारणे आहेत. केवळ संकटाच्या वेळी हलायचा भाग महिनोन्‌महिने हललाच नाही, तर तो जागीच जाम होऊ शकतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘सीपीसीबी ४ प्लस’ हे निकष १ जुलै २०२३ पासून नव्या जनित्रांना लागू झाले. त्यानंतरच्या इंजिनांत इंधनाचे नियंत्रण मुख्यतः इलेक्ट्रॉनिक असल्याने आदेशाचा काही प्रवास डेटा-केबलमधून होतो. तिथे केबलची तपासणीही या क्रमात येते.

प्रत्येक इंजिन थांबण्यासाठी नसते

उंच इमारतीत जनित्राशेजारीच अग्निशमन पंपाचे डिझेल इंजिन असू शकते. अशा इंजिनांबाबत प्रचलित आंतरराष्ट्रीय मानकांचा दृष्टिकोन वेगळा आहे. आगीच्या वेळी तेलाचा दाब घसरला किंवा तापमान वाढले, तरी इशारा देऊन पंप चालूच ठेवला जातो; इंजिन गेले तरी चालेल, पाणी थांबता कामा नये. अतिवेगाच्या बाबतीत मात्र तेही थांबवले जाते. त्यामुळे तपासणीपूर्वी हे इंजिन थांबणे अपेक्षित होते का, याची खात्री करावी लागते.

चाचणी कशाची?

अनेक संकुलांत दर आठवड्याला जनित्र काही मिनिटे चालवून पाहिले जाते. त्यातून ते सुरू होते एवढेच सिद्ध होते. संरक्षण व्यवस्थेची परीक्षा तेव्हा होते, जेव्हा अधिकृत तंत्रज्ञ भार काढून तापमान, तेलाचा दाब आणि अतिवेग यांचे कृत्रिम संकेत एकेक करून देतो आणि इंजिन खरोखर थांबते का, हे पाहतो. त्यासाठी तेल काढण्याची किंवा इंजिन तापवण्याची आवश्यकता नसते. आपत्कालीन बटणाची चाचणी स्वतंत्रपणे करावी लागते.

प्रत्येक वेळी आदेशानंतर किती सेकंदांत इंजिन थांबले, याची नोंद ठेवल्यास हा काळ वाढत जाणे ही अडकू लागलेल्या झडपेची पूर्वसूचना ठरते. देखभाल कराराच्या तपासणी यादीत ‘जनित्र सुरू झाले’ या रकान्याखाली ‘बिघाडाच्या संकेतावर थांबले’ हा रकाना आहे का, हे निवासी संघांनी पावसाळ्यापूर्वीच पाहून घ्यावे.