नकाशावरचें विमान

रेडारला विमान दिसतें असें म्हणतात. वस्तुतः त्याला मिळतो तो केवळ एक प्रतिध्वनि. १९४० सालीं इंग्लंडच्या किनाऱ्यावरील ‘चेन होम’ ठाण्यांत काचेच्या पडद्यावर एक प्रकाशरेषा चाले, व लहर परत आली कीं तिच्यांत खांच उमटे. खांचेच्या जागेवरून अंतर बरेंच अचूक कळे. दिशा मात्र ढोबळ, आणि विमानांची संख्या हा तर अनुभवी डोळ्यांचा अंदाजच! म्हणून दोन-तीन ठाण्यांच्या वार्ता बेंटले प्रायरी येथें पडताळीत, आणि अंतरांचे कंस जेथें एकमेकांस छेदीत तेथें विमान आहे असें धरीत.

तेथून हें स्थान दूरध्वनीनें अक्सब्रिजच्या तळघरांत पोंचे. तेथील तरुणी लांब काठीनें मेजावरील नकाशावर बाण सरकवीत. भिंतीवरील घड्याळाचे पांच-पांच मिनिटांचे भाग तांबडे, पिंवळे व निळे रंगविलेले असत. कांटा ज्या भागांत असेल त्याच रंगाचा बाण ठेवावयाचा. रंग पाहतांच वार्ता किती शिळी हें अधिकाऱ्यास उमजे. मिनिटाला चार-पांच मैल कापणाऱ्या विमानाच्या बाबतींत या साध्या युक्तीचें मोल मोठें होतें.

परंतु बाण शत्रूचा कीं मित्राचा? ६ सप्टेंबर १९३९ रोजीं खोट्या इशाऱ्यावरून आकाशांत चढलेल्या हरिकेन विमानांनाच शत्रु मानलें गेलें. ब्रिटिश स्पिटफायर विमानांनीं त्यांतील दोन पाडलीं, व माँटेग्यू हल्टन-हॅरप हा तरुण वैमानिक प्राणांस मुकला. पुढें स्वकीय विमानांत प्रतिध्वनीचें रूप बदलणारें यंत्र बसविण्याची घाई झाली. तें उत्तर देई तेव्हां मित्र ओळखूं येई. तें बिघडलेलें असलें, तर नकाशावर पुन्हां एक संशयित बाणच उभा राही.