दोराने डोंगर चढणारी आगगाडी

तरफ, कप्पी, उतरण ही साधी यंत्रे आपण शाळेत शिकतो. यांपैकी उतरण आणि कप्पी यांच्याच तत्त्वावर एक आगगाडी डोंगर चढत असे, असे सांगितले तर? अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात १८३४ साली सुरू झालेला अ‍ॅलेगेनी पोर्टेज लोहमार्ग असाच होता. तो जेमतेम वीस वर्षे चालला. का बरे?

शेजारच्या न्यूयॉर्क राज्याने १८२५ मध्ये ईरी कालवा पुरा केला आणि पश्चिमेकडचा व्यापार तिकडे वळू लागला. तेव्हा पेन्सिल्व्हेनियानेही फिलाडेल्फियापासून पिट्सबर्गपर्यंत कालवे व लोहमार्ग यांची साखळी बांधायला घेतली. परंतु वाटेत अ‍ॅलेगेनी पर्वत आडवा होता, आणि पाणी काही डोंगर चढत नाही! म्हणून हॉलिडेजबर्ग आणि जॉन्सटाउन या गावांमध्ये सुमारे ५८ किलोमीटरांचा लोहमार्ग टाकण्यात आला. पूर्वेकडून सुमारे ४२६ मीटर चढायचे आणि पश्चिमेकडे सुमारे ३५७ मीटर उतरायचे.

हा मार्ग जिन्यासारखा होता. पर्वताच्या दोन्ही अंगांना पाच-पाच अशा दहा उतरणी, आणि त्यांना जोडणारे जवळजवळ सपाट रूळ. प्रत्येक उतरणीच्या माथ्यावर एका जागी बसवलेले वाफेचे इंजिन दोराने डबे वर ओढी. पुढेपुढे तर कालव्यातील होड्यांचेच सुटे भाग करून ते गाड्यांवर चढवीत.

यातील युक्ती पाहा. एका रुळावरून डबे वर चढत असताना शेजारच्या रुळावरून दुसरे डबे त्याच दोराला बांधून खाली सोडीत. उतरणाऱ्यांचे वजन चढणाऱ्यांना वर ओढण्यास मदत करी. विहिरीच्या रहाटाला दोन पोहरे बांधले, की एक खाली जाताना दुसरा वर येतो, तसेच हे. इंजिनाला मुख्यतः दोन्ही बाजूंच्या वजनांतील फरक आणि घर्षण यांपुरतेच बळ लावावे लागे.

मग इंजिनच गाडीला का जोडले नाही? त्याचे उत्तर चाक आणि रूळ यांमधील घर्षणात आहे. समजा, इंजिनाचे वजन १० टन आहे आणि घर्षणामुळे ते त्याच्या पाचव्या हिश्शाइतके, म्हणजे २ टनांचे बळ लावू शकते. सर्वांत तीव्र उतरणीचा चढ सुमारे १० ला १ होता. अशा चढावर वजनाच्या एक-दशांश बळ लागते. म्हणजे २ टनांच्या बळाने एकूण २० टन चढतील. त्यांतले १० टन इंजिनाचेच! उरले फक्त १० टन. तोच चढ ५० ला १ केला, तर एकूण १०० टन चढतील आणि त्यांत माल ९० टन. (इतर विरोध येथे सोडून दिला आहे.)

दोराच्या पद्धतीचा कच्चा दुवा म्हणजे खुद्द दोरच. वाखाचे जाड दोर झिजत. दोर तुटला, तर डबे उतारावरून सुटून माणसांचे प्राण जाण्याची भीती असे. जॉन रोब्लिंग या अभियंत्याने लोखंडी तारा पिळून दोर तयार केला आणि १८४२ मध्ये तो येथे वापरात आला. दोर टिकाऊ झाला, तरी दहा वेळा डबे बांधण्या-सोडण्याचा खोळंबा टळला नाही.

अखेर पेन्सिल्व्हेनिया रेलरोड या कंपनीने १८५४ मध्ये घोड्याच्या नालेसारखे मोठे वळण घेत दुसरा मार्ग काढला. वाट लांबवून तिने चढ ५० ला १ पेक्षाही सौम्य केला. राज्यानेही उतरणी टाळणारा नवा मार्ग बांधला. पण उशीर झाला होता. १८५७ मध्ये तो सर्व व्यवहार त्याच कंपनीला विकावा लागला.

डोंगर तोच, म्हणून वजन वर नेण्याचे कार्यही जवळजवळ तेवढेच. लांब वाटेने बळ कमी लागले, एवढाच फरक. पोर्टेजच्या अभियंत्यांचे गणित चुकले नव्हते. १८३४ च्या दुबळ्या इंजिनांसाठी ते योग्यच होते. इंजिने सुधारली आणि प्रश्नाचे उत्तर बदलले. तारांचा दोर मात्र टिकला. रोब्लिंगनेच आराखडा केलेला न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल १८८३ मध्ये खुला झाला, तो पोलादी तारांच्या दोरांवरच तोललेला आहे.