हलक्या मोटारीची जड किंमत : कारखान्यात जोडलेली ‘किट कार’ किमतीस उतरते का?

बंद दारे नाहीत, पक्के छप्पर नाही, अपघातात फुगणारी एअरबॅग नाही आणि सामानासाठी जेमतेम एका पिशवीची जागा. तरीही किंमत मात्र सर्व सोयींनी युक्त अशा मोटारीइतकी. ब्रिटनमध्ये तयार होणाऱ्या ‘केटरहॅम सेव्हन’ या दोन आसनी स्पोर्ट्स कारचे वर्णन प्रथमदर्शनी असेच करावे लागेल. ही मोटार सुट्या भागांच्या संचाच्या, म्हणजेच ‘किट’च्या स्वरूपात विकत घेऊन घरी जोडता येते. अधिक पैसे मोजल्यास कारखान्याचे तंत्रज्ञ ती जोडून देतात. अशा मोटारीसाठी एवढी रक्कम मोजणे शहाणपणाचे आहे का आणि जुळणीचे काम कारखान्याकडे सोपवून आणखी पैसे देणे कितपत योग्य, हा प्रश्न तेथील मोटारशौकिनांमध्ये अनेक दशके चर्चिला जात आहे. ज्याला आपली बरीचशी बचत अशा वाहनात गुंतवायची आहे, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

करातून जन्मलेली पद्धत

किट कारची प्रथा का रूढ झाली, हे समजून घेतल्याशिवाय आजच्या किमतीचा विचार करता येणार नाही. लोटस या ब्रिटिश कंपनीचे संस्थापक, अभियंता कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये ‘लोटस सेव्हन’ ही मोटार बाजारात आणली. अनावश्यक ते सर्व वगळावे आणि वजन घटवून वेग मिळवावा, हे त्यांच्या रचनेचे मुख्य सूत्र होते. पोलादी नळ्या जोडून केलेला सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे आणि आत एक साधे इंजिन, एवढाच या मोटारीचा पसारा होता.

त्या काळी ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर जबर खरेदी कर आकारला जात असे. सुट्या भागांच्या संचाला मात्र या करातून सूट होती. त्यामुळे मोटार भागाभागांनी विकत घेऊन स्वतः जोडणे ग्राहकाला बरेच स्वस्त पडे. या सवलतीसाठी संचासोबत जुळणीच्या सूचना देता येत नसत. यावर कंपनीने मोटार सुटी कशी करावी याची पुस्तिका दिली आणि ग्राहकांनी ती उलट क्रमाने वाचली, अशी कथा मोटारविश्वात आजही सांगितली जाते.

१९७३ मध्ये ब्रिटनने खरेदी कर रद्द करून मूल्यवर्धित कर लागू केला आणि सुट्या भागांची ही सवलत संपुष्टात आली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनच्या निर्मितीचे हक्क ग्रॅहॅम नर्न यांच्या केटरहॅम कार्स या कंपनीला दिले. ज्या करामुळे किट कार फोफावली तो कर गेला; मोटार मात्र टिकली. आज ती केंट परगण्यातील डार्टफर्ड येथे तयार होते. २०२१ पासून या कंपनीची मालकी जपानच्या व्हीटी होल्डिंग्ज या उद्योगसमूहाकडे आहे.

या इतिहासाचा आजच्या ग्राहकाशी थेट संबंध आहे. पूर्वी किट घेणाऱ्याचा कर वाचत असे. आता त्याची केवळ मजुरी वाचते.

मजुरीचा हिशेब

या मजुरीचे मोल किती, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. २०१३ मध्ये केटरहॅमने ‘सेव्हन १६०’ ही सर्वांत स्वस्त आवृत्ती सादर केली. किटच्या स्वरूपात तिची किंमत १४ हजार ९९५ पौंड, तर कारखान्यात जोडलेल्या मोटारीची १७ हजार ९९५ पौंड होती. त्या वेळच्या विनिमय दराने या रकमा अनुक्रमे सुमारे १५ लाख आणि १८ लाख रुपये होतात. याचाच अर्थ, जुळणीसाठी ग्राहकाला मूळ किमतीच्या सुमारे २० टक्के, म्हणजे ३ हजार पौंड अधिक द्यावे लागत.

घरी जुळणी करण्यास साधारणतः ८० ते १०० तास लागतात, असे मानले जाते. ३ हजार पौंडांना या तासांनी भागल्यास तासाला ३० ते ३७ पौंड असा दर निघतो. प्रशिक्षित मोटार-तंत्रज्ञाच्या श्रमाचे मोल म्हणून तो अवाजवी म्हणता येणार नाही. शिवाय घरी जुळणी करणाऱ्यास गॅरेज, अवजारे आणि इंजिन उचलण्यासाठी यारी यांची सोय करावी लागते. नोकरदार माणसाचे अनेक शनिवार-रविवार त्यात जातात.

कारखान्याच्या किटमध्ये वेल्डिंगसारखी अवघड कामे आधीच झालेली असतात. सांगाडा, पत्रे, विजेच्या तारा, ब्रेकच्या नळ्या हे सर्व बसवून येते. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, आसने इत्यादी भाग ग्राहकाने बसवायचे असतात. त्यानंतर रस्त्यावर आणण्यापूर्वी अशा मोटारीची सरकारी तपासणी करून घ्यावी लागते. २००९ पासून ब्रिटनमध्ये यासाठी ‘आयव्हीए’ ही प्रत्येक वाहनाची स्वतंत्र तपासणी करणारी पद्धत लागू आहे. ब्रेक, दिवे, धूर, आवाज, इतकेच नव्हे तर बाहेर आलेल्या धारदार कडाही त्यात तपासल्या जातात. मोटार कारखान्यात जोडून घेतल्यास ही यातायात ग्राहकाला करावी लागत नाही.

याउलट, स्वस्ताईचे दुसरे टोकही ब्रिटनमध्येच सापडते. रॉन चॅम्पियन यांनी १९९६ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात जुन्या मोटारीचे भाग वापरून अवघ्या २५० पौंडांत सेव्हनच्या धर्तीची मोटार कशी बनवावी, याचे मार्गदर्शन केले होते. त्यातून ‘लोकॉस्ट’ या नावाने घरगुती मोटारींची एक परंपराच सुरू झाली. प्रत्यक्षात बहुतेकांचा खर्च या रकमेपेक्षा बराच अधिक होतो. सांगाड्याचे वेल्डिंगही स्वतःच करावे लागते. म्हणूनच कारखान्याच्या किटची तुलना लोकॉस्टशी करणे उचित ठरणार नाही.

हलकेपणाचे मोल

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एवढ्या साध्या मोटारीला मुळात एवढी किंमत का द्यावी? याचे उत्तर वजनात आहे. सेव्हन १६० चे वजन सुमारे ४९० किलो आणि इंजिन अवघ्या ६६० घनसेंटिमीटरचे होते. सुझुकीच्या छोट्या मोटारींसाठी विकसित झालेले हे तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन ८० अश्वशक्ती देते. ७५ किलो वजनाचा चालक बसल्यावर एकूण भार ५६५ किलो होतो. ११०० किलो वजनाच्या साध्या हॅचबॅकला वजनाच्या मानाने एवढीच ताकद मिळवायची असेल, तर सुमारे १६५ अश्वशक्तीचे इंजिन लागेल. त्यामुळेच हे चिमुकले इंजिन असलेली मोटार स्थिर अवस्थेतून ताशी ९७ किलोमीटरचा वेग सात सेकंदांच्या आत गाठू शकते.

हलकेपणाचा लाभ केवळ वेग घेण्यापुरता नसतो. वळणावर मोटारीला बाहेर ढकलणारा जोर आणि थांबताना ब्रेकला शोषावी लागणारी ऊर्जा ही दोन्ही वजनाच्या प्रमाणात असतात. वजन निम्मे झाले की टायर, ब्रेक व इंधन यांवरील ताणही बराच कमी होतो. पॉवर स्टीअरिंग नसल्याने रस्त्याचा प्रत्येक बदल चालकाच्या हातापर्यंत पोहोचतो. वेग कायद्याच्या मर्यादेत असूनही चालवण्याचा आनंद पुरेपूर मिळतो, असे या मोटारीचे चाहते सांगतात ते यामुळेच.

या गुणाला मर्यादाही आहेत. एक प्रवासी बसला की भार एकदम १३ टक्क्यांनी वाढतो आणि फरक लगेच जाणवतो. उघडी चाके व उभी काच यांमुळे हवेचा विरोध फार होतो. परिणामी अतिवेगाच्या महामार्गावर हलकेपणाचा लाभ कमी होत जातो आणि वारा व गोंगाट यांमुळे लांबचा प्रवास थकवणारा ठरतो.

तराजूची दुसरी बाजू

याच किमतीत अन्य काय मिळते, हेही पाहणे आवश्यक आहे. जपानच्या माझदा कंपनीची ‘एमएक्स-५’ ही दोन आसनी मोटार १९८९ पासून जगभर लोकप्रिय आहे. तिची चौथी पिढी २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये १८ हजार ४९५ पौंडांपासून विक्रीस आली. कारखान्यात जोडलेल्या सेव्हन १६० च्या किमतीपेक्षा हा आकडा केवळ ५०० पौंडांनी अधिक होता. मात्र त्यात एअरबॅग, अँटिलॉक ब्रेक, मिटणारे छप्पर आणि हीटर हे सर्व समाविष्ट होते. सेव्हनच्या बाबतीत रंगासारख्या गोष्टीसाठीही अनेकदा वेगळे पैसे मोजावे लागतात. त्यामुळे जाहिरातीतील प्रारंभीची किंमत आणि प्रत्यक्ष देयक यांत मोठी तफावत पडू शकते.

मोठ्या कंपन्या लाखो मोटारी बनवून यंत्रसामग्रीचा खर्च त्यांवर विभागतात. वर्षाला काही शेकडा मोटारी हाताने जोडणाऱ्या कारखान्याला ते शक्य नसते. सेव्हनमध्ये वस्तू कमी असूनही किंमत कमी होत नाही, याचे कारण हेच आहे.

सर्वांत गंभीर मुद्दा सुरक्षिततेचा आहे. दोन वाहनांची समोरासमोर टक्कर झाली, तर हलक्या वाहनाच्या वेगात होणारा अचानक बदल अधिक असतो. ५०० किलोच्या मोटारीची १५०० किलोच्या मोटारीशी धडक झाल्यास हलक्या मोटारीला बसणारा हा हिसका तिप्पट असतो. त्यातच एअरबॅग नाही आणि चालक इतका खाली बसतो की ट्रकचालकाला तो सहज दिसतही नाही. चपळाईमुळे काही अपघात टळतात, हे खरे. परंतु जो टळत नाही, त्यात शरीराभोवती फारच थोडे संरक्षण उरते. या उणिवेची भरपाई पैशाने होत नाही.

लहान उत्पादकांचे आर्थिक स्थैर्य हाही विचारात घेण्याजोगा विषय आहे. याच धर्तीच्या मोटारी बनवणारी वेस्टफील्ड ही ब्रिटिश कंपनी २०२२ मध्ये प्रशासकांच्या हाती गेली होती. सुदैवाने अशा मोटारींची इंजिने व गिअरबॉक्स बहुधा फोर्ड, सुझुकी यांसारख्या मोठ्या कंपन्यांची असतात. त्यामुळे दुरुस्तीचा मार्ग सहसा पूर्णपणे बंद होत नाही.

ग्राहकाच्या बाजूने असलेली एक गोष्ट म्हणजे पुनर्विक्रीचे मूल्य. सेव्हनचे रूप सहा दशकांहून अधिक काळ जवळपास तेच राहिल्याने ती जुनाट दिसत नाही. त्यामुळे चांगल्या स्थितीतील मोटारीला जुन्या बाजारात भाव टिकून राहतो. येथे जुळणीचा दर्जा निर्णायक ठरतो. कारखान्याची जुळणी खरेदीदाराला आश्वस्त करते. घरगुती जुळणी उत्तम असेल आणि तिची छायाचित्रे व नोंदी जपलेल्या असतील, तर तीही मागे पडत नाही. निष्काळजी जुळणी मात्र मोठे नुकसान करते.

भारतातील स्थिती

सेव्हनच्या धाटणीची मोटार भारतातही तयार झाली आहे. ‘चिंकारा रोडस्टर’ या मोटारीला फायबरग्लासचे बाह्यांग आणि इसुझुचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन देण्यात आले होते. ॲम्बॅसॅडरच्या एका आवृत्तीतही इसुझुचेच १.८ लिटरचे इंजिन होते. परंतु असे प्रयत्न आपल्याकडे विरळच राहिले. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार उत्पादकाला वाहनाचा नमुना पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) सारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. हा खर्च हजारो वाहनांवर विभागला गेला तर जाणवत नाही. मोजक्याच मोटारी बनवणाऱ्याला तो जड जातो. परदेशातून मोटार आणल्यास आयात शुल्काची भर पडते. त्यामुळे ब्रिटनमधील हिशेब जसाच्या तसा भारतीय ग्राहकाला लागू करता येणार नाही.

निष्कर्ष

वाहतुकीचे साधन म्हणून पाहिल्यास हलकी किट कार किमतीस उतरत नाही. रोजची ये-जा, कुटुंब, पाऊस यांपैकी कशाचाही विचार करायचा असेल, तर एमएक्स-५ सारखी मोटार अधिक शहाणपणाची ठरते. मात्र घरात दुसरे वाहन आहे, धोक्याची जाणीव आहे आणि मोटार चालवणे हाच उद्देश आहे, अशा व्यक्तीला सेव्हनच्या किमतीत जे मिळते ते अन्यत्र क्वचितच मिळेल.

आवृत्ती निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवणे उपयुक्त ठरेल. २०१३ मध्येच आलेली ३१० अश्वशक्तीची ‘सेव्हन ६२० आर’ ही मोटार सुमारे ५० हजार पौंडांना, म्हणजे कारखान्यात जोडलेल्या १६० च्या जवळजवळ तिप्पट किमतीला होती. या वाढीव किमतीत मिळते ती प्रामुख्याने शक्ती; हलकेपणा मिळत नाही, कारण तो स्वस्त आवृत्तीतही असतोच. सार्वजनिक रस्त्यावर ती जादा शक्ती वापरण्याची संधी फारशी येत नाही. म्हणून मोजलेल्या पैशांचे सर्वाधिक मोल साध्या आवृत्तीतच मिळते.

राहिला प्रश्न कारखान्याच्या जुळणीचा. ज्याला वेळ, जागा किंवा यांत्रिक कामाचा सराव नाही, त्याने ती २० टक्के रक्कम विनासंकोच द्यावी. ब्रेक आणि स्टीअरिंग ही हौशी चुकांची जागा नव्हे. ज्याच्याकडे या तिन्ही गोष्टी आहेत, त्याने मात्र किटच घ्यावे. आपल्या मोटारीचा प्रत्येक बोल्ट कोठे आहे, याचे ज्ञान त्याला त्या शंभर तासांत मिळते आणि पुढील अनेक वर्षांच्या देखभालीत तेच उपयोगी पडते.