बर्फात तीन चाकं, पण टायर कुठले?

समजा, तुम्ही एमएस करायला मिशिगनला गेलात. तेही अगदी उत्तरेला, हाउटन नावाच्या गावात, जिथे वर्षाला सरासरी २०० इंचांहून जास्त बर्फ पडतो. जानेवारीतल्या एका शनिवारी घरमालक गॅरेज उघडतो, कोपऱ्यातली ताडपत्री बाजूला करतो. खाली एक अजब लाल गाडी. मोटरसायकलचं हॅण्डल, पुढे एक चाक, मागे दोन आणि तिन्ही टायर उशीसारखे फुगलेले. ‘‘चालवणार?’’ तो विचारतो. तुम्ही अर्थातच हो म्हणता. (असाइनमेंट काय, रविवारी रात्रीही होते!)

किल्ली फिरवण्याआधी दोन मिनिटं खाली वाका आणि टायर बघा. कारण या गाडीत इंजिनापेक्षा टायरला जास्त महत्त्व आहे, अगदी जन्मापासून.

होंडाच्या अमेरिकेतल्या डीलर मंडळींची एक अडचण होती. थंडी पडली की मोटरसायकली खपायच्या नाहीत. हिवाळ्यातही विकता येईल असं काहीतरी द्या, अशी मागणी १९६७ मध्ये जपानला गेली आणि ओसामु ताकेउची या इंजिनिअरच्या टेबलावर पोहोचली. त्यांनी दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंत सगळं करून पाहिलं. छोट्या इंजिनाला बर्फ-चिखलातून जायला तीन चाकं बरी, असं शेवटी ठरलं. १९७० मध्ये ‘यूएस ९०’ बाजारात आली, तिचंच पुढे ‘एटीसी ९०’ झालं. १९७१ च्या ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’मध्ये शॉन कॉनरीचा बॉण्ड हीच पळवतो. गंमत म्हणजे तिला शॉकअप नव्हतेच. धक्के खायचं काम त्या फुगीर टायरांचं.

आता हवेचं गणित. तुमच्या बाइकच्या टायरमध्ये पंचवीस-तीस पीएसआय हवा असते. या गाड्यांमध्ये किती? साधारण २.२ पीएसआय. छापताना चूक झालेली नाही, दोन पॉइंट दोनच. टायर जमिनीवर जवळपास तेवढाच दाब देतो, जेवढा त्याच्या आत असतो. म्हणजे गाडी आणि तुम्ही मिळून बर्फावर जो दाब देता, तो तुम्ही बुटात एका पायावर उभं राहण्यापेक्षाही कमी. म्हणून जिथे तुम्ही चालताना गुडघ्यापर्यंत रुतता, तिथे ही गाडी तरंगत जाते.

पण इथेच पहिली फसगत होते. घरमालकाने गॅरेजमध्ये हीटर लावून, वीस अंशांत हवा भरली. बाहेर उणे दहा. थंडीने हवा आकसते, आणि हिशेब केला तर २.२ चे उरतात जेमतेम अर्धा पीएसआय! टायर बसलाच म्हणायचा, वळणावर रिमवरून निसटूही शकतो. त्यामुळे हवा बाहेर, थंडीत, गाडी गार झाल्यावरच तपासायची. आणि पेट्रोल पंपावरचा गेज इथे कुचकामाचा, त्याच्या काट्याला दोन पीएसआय म्हणजे शून्यच. यासाठी कमी दाबाचा वेगळा गेज मिळतो. टायर घेण्याआधी तो घ्या.

टायरवर २२×११-८ असं काहीतरी लिहिलेलं असतं. बाहेरून उंची २२ इंच, रुंदी ११, आतली रिम ८ इंचांची. कुठला घ्यायचा हे खाली कसला बर्फ आहे त्यावर ठरतं. रात्रीच पडलेला, पिठासारखा भुसभुशीत आणि खोल बर्फ असेल तर रुंद, गोल खांद्याचा, बुटक्या गुट्ट्यांचा जुना बलून टायरच राजा. चिखलासाठीचे खोल दातांचे टायर दिसायला भारी असतात, पण इथे ते खणतात. रेस देत राहिलात की चाक स्वतःपुरता खड्डा करतं, गाडीचं पोट बर्फावर टेकतं आणि मग ढकला. वाळूतले पॅडल टायर खोल बर्फात सरळ रेषेत मस्त पळतात, वळायला मात्र नकार देतात. गाड्या जाऊन-येऊन दाबला गेलेला बर्फ असेल तर उलट. तिथे मऊ रबराचा, बऱ्याच लहान गुट्ट्यांचा आणि त्यांवर बारीक चिरा असलेला टायर हवा. त्या फटींत अडकलेला बर्फ खालच्या बर्फाला धरतो. बर्फाला बर्फच चांगला चिकटतो, लाडू वळतो तसा.

पुढच्या चाकाचा विचार वेगळा करा. मागची दोन चाकं ढकलतात, पुढचं एकटं वळवतं. ते फार रुंद असेल तर बर्फावर नुसतं घसरत पुढे जातं. हॅण्डल डावीकडे, गाडी सरळ झाडाकडे! उथळ आणि दाबलेल्या बर्फात पुढे थोडा अरुंद, कापत जाणारा टायर चांगला. तुम्हीही सीटवर पुढे सरका, त्या चाकावर वजन येऊ द्या.

मागे आणखी एक भानगड आहे. आपल्या रिक्षाला डिफरन्शिअल असतं, त्यामुळे वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. या गाड्यांना ते नसतं. एकाच दांड्यावर दोन्ही चाकं, बरोबरीनेच फिरणार. म्हणून मागचे दोन्ही टायर जोडीनेच बदला आणि टेलरच्या टेपने त्यांचा घेर मोजा. एक नवा, एक झिजलेला असेल तर गाडी सतत एका बाजूला ओढते. वळताना यातलं एक चाक थोडं घसरलं पाहिजे, नाहीतर गाडी वळणारच नाही. बर्फ ते घसरणं फुकटात देतो. म्हणूनच या गाड्या बर्फात एवढी मजा देतात.

आणि म्हणूनच जास्त ग्रिप म्हणजे जास्त सेफ, हा आपला बाइकवरचा हिशेब इथे लागू पडत नाही. वळणावर रिक्षाचं आतलं चाक उचललेलं तुम्ही पाहिलं असेल. तीन चाकांची तीच प्रकृती. टायर घसरला तर गाडी आडवी सरकते, तुम्ही हसता. टायरने घट्ट धरलं तर सरकण्याऐवजी ती उलटते. गोठलेल्या तलावावर रेसिंग करणारे टायरमध्ये षटकोनी डोक्याचे छोटे स्क्रू ठोकतात. नितळ बर्फावर रबर काही धरतच नाही, तिथे ते लागतात. पण ठोकायचेच तर आधी पुढे ठोका. मागे भरमसाट स्क्रू आणि पुढे साधा टायर असेल तर गाडी वळणार नाही. सगळीकडे भरमसाट असतील तर वळेल आणि पालथी होईल. शिवाय या टायरचं रबर पातळ असतं, लांब स्क्रू आत घुसला की पंक्चर. तलावाबद्दल शेजारच्या मिनेसोटाचं नैसर्गिक संसाधन खातं सांगतं की अशा छोट्या गाडीसाठी किमान ५ ते ७ इंच पारदर्शक, नवा बर्फ हवा. खात्री नसेल तर काठावरूनच फोटो काढा.

टायर कितीही योग्य घेतले तरी एक गोष्ट बदलत नाही. अपघात वाढत गेले, मृतांमध्ये सोळा वर्षांखालची मुलंही बरीच होती. १९८७ च्या अखेरीस अमेरिकी सरकार कोर्टात गेलं आणि १९८८ मध्ये तडजोड होऊन कंपन्यांनी नव्या तीनचाकींची विक्री थांबवली. २००८ च्या कायद्याने त्यावर पक्कं शिक्कामोर्तब केलं. त्यामुळे गॅरेजमधली ती लाल गाडी बहुधा तुमच्यापेक्षा वयाने दुप्पट आहे. टायर मूळचेच असतील तर बाजूच्या भिंतीवर अंगठा दाबून बघा. भेगा उघडल्या तर त्या दिवशी फक्त चहा प्या.

टायर ठीक असतील तर हेल्मेट घाला आणि आधी मोकळ्या, सपाट जागेत हळू चकरा मारा. गाडी कलली की बाइकच्या सवयीने पाय खाली टेकवावासा वाटेल. टेकवू नका. मागचं चाक तुमच्या पायाच्या अगदी मागून येत असतं, आणि टेकलेला पाय त्याच्याखाली जातो. दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून शरीर वळणाच्या आत झुकवा. डावीकडे दहा चकरा, मग उजवीकडे दहा. तोवर घरमालक कॉफी घेऊन दारात येईलच.