स्वस्त लॅपटॉप: काय झेपतं, काय झेपत नाही

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे गुण हाती आले, की इंदापूर-बारामती पट्ट्यात घरोघरी लॅपटॉपचा विषय निघतो. वरकुट्यासारख्या गावांतली मुलं-मुली इंदापूरला, बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात, विद्या प्रतिष्ठानमध्ये किंवा थेट पुण्याला शिकायला निघालेली असतात. उसाच्या बिलातून, दुधाच्या पगारातून पंचवीस, तीस, फार तर चाळीस हजार बाजूला काढलेले असतात. एवढ्या पैशातल्या लॅपटॉपबद्दल दोन टोकाची मतं कानावर येतात. एक म्हणतो, ‘त्यात काही दम नसतो.’ दुसरा म्हणतो, ‘सगळे लॅपटॉप सारखेच, नुसते नावाचे पैसे.’ दोघांचंही ऐकून घेतलेला निर्णय महागात पडतो.

या किमतीत कंपनी कुठे ना कुठे हात आखडता घेतेच. तो नेमका कुठे घेतलाय आणि ती उणीव पुढे भरून काढता येईल का, हे खरे दोन प्रश्न. लॅपटॉपमधल्या काही गोष्टी दोन वर्षांनी बदलता येतात, काही कधीच बदलता येत नाहीत. नेहमीचे गैरसमज या एका कसोटीवर तपासून पाहू.

गैरसमज १: आय५ हा आय३पेक्षा केव्हाही चांगला

वस्तुस्थिती: आय३, आय५, आय७ ही इंटेलच्या प्रोसेसरची एकाच पिढीतली उतरंड आहे. पिढी बदलली की हिशेब बदलतो. २०१६ सालच्या आय५-७२००यू प्रोसेसरमध्ये २ कोअर, म्हणजे काम करणारे गाभे, होते. २०२२ सालच्या आय३-१२१५यू मध्ये ६ कोअर आहेत, २ ताकदीचे आणि ४ वीज वाचवणारे. हा आय३ त्या आय५ला सहज मागे टाकतो. म्हणून नावापुढचे आकडे वाचायचे: ७२०० मधला ७ म्हणजे सातवी पिढी, १२१५ मधले १२ म्हणजे बारावी.

एएमडीच्या प्रोसेसरमध्ये जास्त बारकाईने पाहावं लागतं. रायझेन ५ ७५२०यू आणि रायझेन ५ ७५३०यू ही नावं जुळ्या भावांसारखी दिसतात. पण या मालिकेत प्रोसेसरची आतली रचना किती जुनी, हे तिसरा आकडा सांगतो. ७५२० मधला २ म्हणजे २०१९ सालची झेन २ रचना, कोअर ४. ७५३० मधला ३ म्हणजे त्यानंतरची झेन ३, कोअर ६. बाहेरच्या स्टिकरवर दोन्हीकडे नुसतं ‘रायझेन ५’ असतं.

सेलेरॉन आणि पेंटियम ही नावं इंटेलने नव्या लॅपटॉपसाठी २०२३ पासून बंद केली. त्या जागी नुसतं ‘इंटेल प्रोसेसर’ आलं. तेव्हा ‘इंटेलचाच आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. सेलेरॉन एन४०२० मध्ये २ कोअर आहेत, नंतरच्या एन१०० मध्ये ४. एन१०० वर टायपिंग, ऑनलाइन फॉर्म, व्हिडिओवरचे तास व्यवस्थित होतात. एन४०२० वर चार टॅब उघडले की मशीन हातपाय गाळतं. आणि प्रोसेसर नंतर बदलता येत नाही.

गैरसमज २: १ टीबीचा लॅपटॉप २५६ जीबीच्या लॅपटॉपपेक्षा भारी

वस्तुस्थिती: साठवण किती, यापेक्षा ती कसली, हे आधी विचारा. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चकती फिरत असते, बहुतेक लॅपटॉपमध्ये मिनिटाला ५४०० फेरे. हवी ती माहिती वाचायला एक बारीक दांडा चकतीवर योग्य जागी सरकावा लागतो आणि चकतीचा तो भाग खाली येईपर्यंत थांबावं लागतं. एका खेपेला साधारण १० ते १५ मिलिसेकंद जातात. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण विंडोज सुरू होताना अशा हजारो खेपा होतात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नाही, त्यामुळे तीच खेप मिलिसेकंदाच्याही छोट्या अंशात होते. म्हणून २५६ जीबी एसएसडीचा साधा लॅपटॉप १ टीबी हार्ड डिस्कवाल्यापेक्षा रोजच्या कामात कितीतरी चपळ वाटतो.

तिसरा प्रकार ईएमएमसी. अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये ६४ किंवा १२८ जीबीची ही चिप मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असते. ६४ जीबीत विंडोज ११ आणि त्याचे अपडेट बसवता बसवता जागा संपते. एसएसडी सहसा पुढे मोठी करून घेता येते, ईएमएमसी नाही.

याच विषयातली एक शंका: ‘५१२ जीबीचे पैसे दिले, मशीन ४७६ दाखवतं.’ यात दुकानदाराने काही मारलेलं नाही. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज सुमारे १०७ कोटी धरतं. जागा तेवढीच, मोजायचं माप वेगळं.

गैरसमज ३: आत्ता ४ जीबी रॅम घेऊ, पुढे वाढवू

वस्तुस्थिती: सगळ्यात जास्त पस्तावा इथे होतो. हलक्या, सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम आता बहुतेक वेळा बोर्डला झाळलेली असते. वर सांगितलेल्या ७५२०यू प्रोसेसरला तर एलपीडीडीआर५ जातीचीच रॅम चालते आणि ती बोर्डवर झाळलेलीच येते. असा लॅपटॉप ८ जीबीचा घेतला तर शेवटपर्यंत ८ जीबीचाच राहतो.

दुकानात हे तपासायला दोन मिनिटं पुरतात. डेमोचा लॅपटॉप सुरू असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली ‘फॉर्म फॅक्टर’ या ओळीत ‘सोडिम’ असेल तर रॅम स्लॉटमध्ये बसवलेली आहे. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती झाळलेली समजा. ‘स्लॉट्स यूज्ड’समोर ‘१ ऑफ २’ दिसलं तर एक जागा मोकळी आहे, पुढे बारामतीतला एखादा चांगला दुरुस्तीवालाही रॅम वाढवून देईल. काही लॅपटॉपमध्ये थोडी रॅम झाळलेली आणि एक स्लॉट मोकळा, असंही असतं, विचारून घ्या.

४ जीबी का पुरत नाही? विंडोज ११ साठी ४ जीबी ही मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान अट आहे, म्हणजे मशीन सुरू होण्यापुरती. त्यातूनच पडद्यावरच्या चित्रासाठीही वाटा जातो, कारण स्वस्त लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. उरलेल्यात ब्राउझर उघडला की रॅम भरते, आणि मशीन रॅममधला मजकूर डिस्कवर ठेवायला आणि परत उचलायला लागतं. ‘लॅपटॉप हँग होतो’ ही तक्रार बरेचदा इथून येते. चार वर्षांच्या शिक्षणासाठी ८ जीबीच्या खाली उतरू नका, आणि मोकळा स्लॉट मिळाला तर तोच लॅपटॉप निवडा.

गैरसमज ४: पडद्याचे इंच पाहिले की झालं

वस्तुस्थिती: १५.६ इंचाचे दोन पडदे शेजारी ठेवा. एकावर १३६६ गुणिले ७६८, म्हणजे साधारण साडेदहा लाख ठिपके. दुसऱ्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त. देवनागरीतल्या जोडाक्षरांच्या कडा, वेलांट्या, एक्सेलचे बारीक रकाने पहिल्यावर फुटल्यासारखे दिसतात. दुसरी गोष्ट पॅनेलची. टीएन पॅनेल जरा तिरकं पाहिलं की रंग उडतात, आयपीएसमध्ये तसं होत नाही. उजेडही मोजून सांगितलेला असतो. या किमतीत २२० ते २५० निट्स नेहमीचे. खोलीत ते पुरतं, पण दुपारी ओसरीवर किंवा अंगणात बसलात तर पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसेल.

स्वस्त म्हणजे पडदा वाईट असलाच पाहिजे, असा काही नियम नाही. ‘१०० डॉलरचा लॅपटॉप’ म्हणून गाजलेलं ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या उपक्रमाचं एक्सओ हे यंत्र २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात धनगरवाड्याच्या शाळेतल्या मुलांच्या हाती आलं होतं. त्यात ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि १ जीबी साठवण होती. प्रत्यक्ष किंमतही १०० डॉलरच्या बरीच वर, १८० डॉलरच्या पुढे गेली. पण त्याचा पडदा भर उन्हात वाचता येई. मुलं हे यंत्र कुठे वापरणार, हे ते बनवणाऱ्यांनी आधी ठरवलं होतं आणि त्याप्रमाणे पैसा कुठे घालायचा ते ठरलं. आपणही लॅपटॉप घेताना त्याच क्रमाने विचार करायला हवा, कारण पडदा बदलणं खर्चिक असतं आणि सहसा कुणी बदलत नाही.

गैरसमज ५: खोक्यावर १२ तास लिहिलंय, म्हणजे दिवसभर चिंता नाही

वस्तुस्थिती: तासांपेक्षा वॅट-अवर, म्हणजे बॅटरीत मावणारी वीज, वाचा. ४२ वॅट-अवरची बॅटरी आणि टायपिंग करताना ७ वॅटचा खर्च धरला तर ६ तास मिळतात. पडद्याचा उजेड पूर्ण, व्हिडिओ कॉल चालू, खर्च १५ वॅट, मग तीन तासही नाहीत. कंपनीचा आकडा कमी उजेडातल्या, हलक्या कामाचा असतो.

‘सतत चार्जिंगला ठेवला तर ओव्हरचार्ज होतो’ हेही खरं नाही. बॅटरी भरली की आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं. पूर्ण भरलेली अवस्था आणि उष्णता एकत्र आली की बॅटरीचं आयुष्य घटतं. इंदापुरात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला जातो. त्यात लॅपटॉप गादीवर, गोधडीवर ठेवला तर हवा जायची फटच बंद होते. बऱ्याच कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, ती चालू ठेवा. टणक पाटावर ठेवून काम करा आणि पंख्यातली धूळ वर्षातून एकदा काढून घ्या.

वीज येत-जात असलेल्या गावात लॅपटॉपचं बळ मात्र डेस्कटॉपपेक्षा मोठं आहे. त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस, आणि बहुतेक चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात. व्होल्टेज पडलं म्हणून काम अडत नाही.

गैरसमज ६: लॅपटॉप म्हटला की सगळं सॉफ्टवेअर चालणारच

वस्तुस्थिती: ३१ जुलै २०२३ रोजी रिलायन्सने जिओबुक १६,४९९ रुपयांना जाहीर केलं. वजन किलोच्या आत, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, मीडियाटेकचा प्रोसेसर आणि जिओची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम. शाळकरी मुलाच्या वाचनाला, ऑनलाइन तासाला, टायपिंगला ते पुरेसं. पण ते विंडोज नाही, त्यामुळे विंडोजवरचं टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यावर थेट बसत नाही. क्रोमबुकचंही तसंच. बी.कॉम.च्या विद्यार्थिनीला टॅली लागणार असेल तर ही निवड चुकीची. सातवीतल्या मुलासाठी बरोबर असू शकते.

विंडोज आणि ऑफिस यांतही गल्लत होते. काही लॅपटॉपसोबत ऑफिसचा कायमचा परवाना येतो, काहींसोबत फक्त ठरावीक मुदतीचं सबस्क्रिप्शन. कुठला आहे ते आधी विचारा. ‘टाकून देतो’ म्हणून दिलेल्या चोरीच्या प्रतीपेक्षा फुकट आणि कायदेशीर लिब्रेऑफिस बरं. युनिकोड मराठी त्यात नीट चालते.

गैरसमज ७: इंजिनिअरिंगला गेमिंग लॅपटॉपच लागतो

वस्तुस्थिती: सी, पायथन, जावा यांचे प्रोग्राम, प्रोजेक्ट रिपोर्ट, ऑटोकॅडची सपाट रेखाचित्रं ही कामं ८ जीबी रॅम आणि एसएसडीचा साधा लॅपटॉप करतो. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना शैक्षणिक परवान्याने मोफत मिळतं. मशीन लर्निंगच्या जड कामासाठी गूगल कोलॅबवर दूरचा संगणक मर्यादित वेळ फुकट वापरता येतो, फक्त इंटरनेट धड हवं.

खरी मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसह, मोठी थ्रीडी मॉडेलं, फोर-के व्हिडिओचं संकलन, नवे गेम हे या मशीनचं काम नाही. ज्याचा अभ्यासक्रमच यावर उभा आहे, त्याने कॉलेजच्या लॅबची वेळ विचारून घ्यावी किंवा थांबून जास्त पैसे जमवावेत.

गैरसमज ८: सेकंडहँड म्हणजे फसवणूकच

वस्तुस्थिती: कंपन्यांनी वापरून विकलेले ऑफिस श्रेणीचे लॅपटॉप बांधणीला दणकट असतात आणि त्यांत अनेकदा रॅमचे स्लॉट असतात. मात्र इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचीच घ्या. त्याआधीच्या मशीनना, मोजके अपवाद सोडले तर, विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोजमध्येच बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. ४२ ची २० झाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून बोला.

फुकटाच्या मागे मात्र लागू नका. ‘वन स्टुडंट वन लॅपटॉप’ नावाचा मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरला. तंत्रशिक्षणाची परिषद एआयसीटीई हिने अशी योजना नसल्याचा खुलासा केलेला आहे. त्या लिंकवर आधार क्रमांक किंवा बँकेचा तपशील भरू नका.

मग पैसे कुठे घालायचे?

प्रोसेसर, पडदा आणि झाळलेली रॅम या तीन गोष्टी पहिल्या दिवशी जशा असतील तशाच शेवटपर्यंत राहतात. एसएसडी आणि बॅटरी पुढे बदलता येते. बॅग, माउस, कीबोर्डखालचे दिवे ही दुकानाची आमिषं. तीस-पस्तीस हजारांत एकीकडे जुना प्रोसेसर, १ टीबी आणि फुकट बॅग, दुसरीकडे नवा प्रोसेसर, फुल एचडी पडदा, ८ जीबी रॅमसोबत मोकळा स्लॉट आणि फक्त २५६ जीबी एसएसडी असेल, तर दुसरा उचला.

जीएसटीचं पक्कं बिल घ्या. वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे की मशीन पुण्याला न्यावं लागेल, हे लेखी घ्या. वरकुट्याहून पुण्याची फेरी म्हणजे एक दिवस आणि त्या दिवसाची मजुरी. तक्रार ऐकली गेली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. किमतीत घासाघीस जरूर करा, पण पडदा, प्रोसेसर आणि रॅम यांत तडजोड करू नका.