पंच-आउटनंतरचं काम: चार गैरसमज

कल्याण-डोंबिवलीहून ऐरोली, ठाणे, बीकेसी गाठणाऱ्यांचं काम हल्ली लोकलमध्येच सुरू होतं आणि रात्री जेवताना फोनवर चालू राहतं. त्याबद्दलच्या काही ठाम समजुती तपासून पाहू.

गैरसमज १ : फोनवर मेल आला, की वेळ आपल्या हातात राहतो.
वस्तुस्थिती : एकट्यापुरतं ते खरं आहे. गाडीत चार मेल उरकले, की तेवढी संध्याकाळ मोकळी. पण टीममधले पाच जण रात्री दहाला उत्तर देऊ लागले, की सहाव्याचं गप्प राहणं डोळ्यांवर येतं. मेलिसा मॅझमेनियन, वांडा ऑर्लिकोव्स्की आणि जोआन येट्स यांनी २०१३ च्या शोधनिबंधात याला 'स्वायत्ततेचा विरोधाभास' म्हटलं. प्रत्येकाने सोय म्हणून केलेली निवड पुढे सगळ्यांवरची सक्ती होते.

गैरसमज २ : ओव्हरटाइम कारखान्यात, ऑफिसात नाही.
वस्तुस्थिती : २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम कारकुनी आणि तांत्रिक काम करणाऱ्यांनाही कामगार मानतो. त्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. जादा कामाला दुप्पट दर. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बदलांना मंजुरी दिली: वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत दिवसाचे १० तास आणि तिमाहीतला ओव्हरटाइम १२५ ऐवजी १४४ तास. मर्यादा सैल झाली, तरी जादा तास फुकट झालेले नाहीत.

गैरसमज ३ : कार्डावर 'मॅनेजर' छापलं, की हक्क संपला.
वस्तुस्थिती : गोपनीय, व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांना या कायद्यातून सूट आहे. मात्र अशा पदांची यादी आस्थापनेने संकेतस्थळावर, ते नसेल तर दर्शनी जागी लावायची असते. ती यादी एकदा बघावी.

गैरसमज ४ : सुट्टीत फोन न उचलण्याचा कायदा झाला आहे.
वस्तुस्थिती : फ्रान्समध्ये तो २०१७ पासून आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये असं खासगी विधेयक मांडलं. विधेयक मांडलं म्हणजे कायदा झाला असं नव्हे.

पंचिंग मशीन ऑफिसच्या दारापुरतंच मोजतं. लोकलमधला कॉल आणि रात्रीचा मेल त्यात येत नाही. म्हणून तारीख, वेळ आणि काम कोणी सांगितलं, एवढं स्वतः लिहून ठेवावं. मागायचा हिशेब आधी मांडलेला असावा लागतो.